बर्फ कुणासाठी निघाला होता, ते सांगा

मालिकेच्या एखाद्या भागाचा रिकॅप म्हणजे त्या भागात काय काय घडलं याची क्रमवार नोंद, असं सर्रास मानलं जातं. कोण कुठे गेलं, कोण कुणाशी खोटं बोललं, कोण मेलं, शेवटचं दृश्य कुठे तोडलं. उरलेलं सगळं नेपथ्य, ते ज्याने त्याने पडद्यावर पाहून घ्यावं. घरगुती भांडणांच्या मालिकांना ही रीत पुरत असेल. विज्ञानकथेवरच्या मालिकेला ती लावली की गोष्टच हातातून निसटते, आणि मागे राहतं त्याला गोषवारा म्हणायला माझी तयारी नाही. हे मी मुळशी तालुक्यात बसून लिहितो आहे. त्याचा या वादाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

'द एक्स्पान्स' या मालिकेचा पहिला भाग घेऊ. डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक हे दोघे जेम्स एस. ए. कोरी या एकाच नावाने लिहितात, त्यांच्या कादंबऱ्यांवर ही मालिका बेतली आहे. 'डल्सिनिया' नावाचा हा भाग 2015 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सायफाय वाहिनीवर आला. पुढे मालिका ॲमेझॉनने उचलली आणि आपल्याकडेही तिचे चाहते तयार झाले. या भागाचा नेहमीच्या पद्धतीचा रिकॅप असा होतो: ज्युली माओ नावाची तरुणी एका यानात एकटीच कोंडलेली आहे. 'कँटरबरी' नावाच्या जुन्या मालवाहू यानाला संकटात सापडलेल्या यानाचा संदेश मिळतो. कप्तानाला तो कानाआड करायचा आहे, पण होल्डन नावाचा अधिकारी गुपचूप त्याची नोंद करतो, आणि मग मदतीला जावंच लागतं. होल्डनसह पाच जण छोट्या यानातून तिकडे जातात. संदेश पाठवणारं यान रिकामं निघतं. तेवढ्यात कुठूनसं एक यान प्रकटतं आणि कँटरबरीच्या ठिकऱ्या उडवतं. दरम्यान सेरीस या लघुग्रहावर मिलर नावाच्या डिटेक्टिव्हला ज्युलीला शोधण्याचं काम मिळतं, आणि पृथ्वीवर अवसराला नावाची राजकारणी बाई एका कैद्याची चौकशी करते.

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. तरीही ज्याने भाग पाहिला नाही त्याला यातून काही कळणार नाही, आणि ज्याने पाहिला त्याला आपण काय पाहिलं ते आठवणार नाही. कारण कँटरबरीत काय भरलं होतं, हे यात कुठेच आलेलं नाही.

कँटरबरीत बर्फ होता. शनीच्या कड्यांमधून तोडलेला बर्फ, आणि तो सेरीसला चालला होता. तिथल्या वस्तीला पिण्याचं पाणी यातून मिळतं. पाण्याचं विजेने विघटन केलं की ऑक्सिजन सुटतो, म्हणजे श्वासही यातूनच येतो. मालिका सुरू होताना पडद्यावर जो मजकूर उमटतो त्यातच सांगितलं आहे की या पट्ट्यात हवा आणि पाणी सोन्याहून मोलाचं आहे. मग सेरीसवर भर चौकात एक माणूस लोकांना सांगत असतो की एके काळी हा लघुग्रह बर्फाने झाकलेला होता, हजार पिढ्यांना पुरेल इतकं पाणी इथे होतं, पृथ्वी आणि मंगळ यांनी ते ओरबाडून नेलं. आता त्याच सेरीसला शनीपासून ओढून आणलेल्या बर्फावर जगावं लागतं. म्हणजे यान उडतं तेव्हा माणसं मरतातच, पण त्याच क्षणी लक्षावधी लोकांचा पाणीपुरवठाही फुटतो. दुसऱ्या भागात सेरीसवर पाण्याची चणचण लागते ती यामुळेच. ज्याने पहिल्या भागाच्या रिकॅपमधून बर्फ गाळला, त्याला दुसऱ्या भागात शहर का पेटायला लागलं हे सांगताच येणार नाही.

अवसरालासमोरचा तो कैदीही असाच. 'कैद्याची चौकशी होते' एवढं म्हणून पुढे जाणाऱ्याने त्या दृश्यातलं काहीच सांगितलेलं नसतं. तो माणूस लघुग्रहांच्या पट्ट्यात, कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेला आहे. त्याची हाडं लांब आणि नाजूक आहेत. त्याला पृथ्वीवर आणून नुसतं आकड्यांना लटकवलं आहे. बोटही लावायची गरज नाही. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच त्याचा छळ करतं. आपण ज्या ओढीत जन्मभर वावरतो आणि जिची आपल्याला जाणीवही नसते, ती दुसऱ्या माणसाला शिक्षा ठरू शकते, हा त्या दृश्याचा सगळा अर्थ. तो भौतिकशास्त्रात आहे. भौतिकशास्त्राला नेपथ्य समजून बाहेर ठेवलं की मागे उरते ती कुठल्याही पोलीसपटातली चौकशी.

मराठी वाचकाला हे नव्याने समजावावं लागू नये. विज्ञानकथेची आपल्याकडची जुनी कसोटी हीच आहे: कथेतून विज्ञान काढून घ्या आणि कथा उभी राहते का पाहा. राहिली, तर ती विज्ञानकथा नव्हेच. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हापासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या वाचकांच्या दोन-तीन पिढ्या या कसोटीवर वाढल्या. नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो. 'मुंबईत बर्फ पडला आणि लोकांची तारांबळ उडाली' असा कुणी त्या कथेचा सारांश दिला, तर आपण त्याला लगेच थांबवू आणि विचारू, बर्फ का पडला? कारण तेच तर नारळीकरांना सांगायचं होतं. छापील कथेला आपण जो प्रश्न हक्काने विचारतो, तो पडद्यावरच्या कथेला विचारताना कुठे हरवतो? मला तरी याचं एकच कारण दिसतं. पडद्यावर चेहरे असतात, आणि चेहऱ्यांच्या मागे धावणं सोपं असतं.

आता मुळशीविषयी.

मुळा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर, या तालुक्याच्या पश्चिम टोकाला उगम पावते. तिचा नैसर्गिक रस्ता पूर्वेकडे: पुण्यात मुठेला मिळायचं, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी मात्र उलट्या दिशेला, पश्चिमेला वळवलं जातं. बोगद्यातून आणि नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणात भिऱ्याच्या वीजघरात कोसळतं. तिथे जनित्रं फिरतात. मग ते कुंडलिकेत जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. भिऱ्याचं वीजघर 1927 मध्ये सुरू झालं. त्याआधी टाटांची खोपोलीची योजना 1915 ला आणि भिवपुरीची 1922 ला सुरू झाली होती. या सगळ्या धरणांतून मिळून दरवर्षी सुमारे 42 टीएमसी पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून पश्चिमेला जातं. ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि शहरासाठी होती. पाणी आणि जमीन मावळ्यांची होती.

हे होऊ नये म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांना सेनापती ही उपाधी इथेच मिळाली. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी बुडणार होत्या. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरून त्या टाटांच्या कंपनीला मिळवून दिल्या. लढा 1924 पर्यंत चालला आणि मोडला. बापटांनी शेवटी रेल्वे अडवण्याचा मार्ग धरला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली.

हा इतिहासही बहुतेकांना रिकॅपच्याच पद्धतीने सांगितला जातो. बापट आले, शेतकरी उठले, तुरुंग झाला, धरण झालं. नायक, संघर्ष, शेवट. पाणी कुठून कुठे गेलं आणि का, हे त्या दोन ओळींत नसतं. गावांतल्या अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या, त्यांना मोबदल्याचे पैसे हवे होते आणि कुळांना जमीन हवी होती, म्हणून लढ्याला आतूनच तडा गेला, हे तर त्याहून क्वचित सांगितलं जातं. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावर केलेल्या अभ्यासात हे सविस्तर मांडलं आहे. पण अभ्यास वाचणारे थोडे, दोन ओळी ऐकणारे पुष्कळ. परिणाम असा की तालुक्यातल्या अनेक तरुणांना बापटांचं नाव माहीत असतं, पण समोरच्या पाण्याने आपल्या विहिरीकडे पाठ का फिरवली आहे, हे सांगता येत नाही. धरणाच्या काठच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, ही बातमी दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते आणि दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटल्यासारखी छापली जाते. गोष्टीतून व्यवस्था गाळली की असंच होतं: आश्चर्य शिल्लक राहतं, कारण हरवतं.

सेरीस आणि मुळशी यांची अशी सांगड घालणं ओढूनताणून आहे, अशी हरकत घेतली जाईल. ती रास्त आहे, म्हणून तिला पूर्ण उत्तर द्यायला हवं. मुळशीतून कुणी पाणी ओरबाडून नेऊन माणसांचा श्वास तोडला नाही. मोबदला ठरला होता, तो अनेकांनी घेतलाही. कोळसा न जाळता मिळालेल्या या विजेने मुंबईचे कारखाने आणि दिवे चालले, आणि भिऱ्याखाली सुटणारं पाणी वाया जातं असंही नाही. कुंडलिकेच्या काठची शेती, रोह्याचे कारखाने, कोलाडचं राफ्टिंग हे सगळं त्याच्या आधाराने चालतं. हे सर्व मान्य. पण मी मुळशी म्हणजे सेरीस आहे असं म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्हीकडे एकच प्रश्न पहिल्यांदा विचारावा लागतो: पाणी कुणाचं, कुणाकडे गेलं, आणि ते कुणी ठरवलं? उत्तरं वेगळी निघोत. प्रश्न गाळला तर दोन्ही गोष्टी कळत नाहीत.

शिवाय हाच प्रश्न मालिका लिहिणाऱ्यांनी स्वतः पहिल्या काही मिनिटांत पडद्यावर मांडला आहे. मी तो बाहेरून आणून चिकटवत नाही. खरा सेरीस आजही पाण्याने समृद्ध आहे, त्याच्या कवचाखाली मुबलक बर्फ आहे. नासाचं 'डॉन' यान मार्च 2015 मध्ये, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागाच्या काही महिने आधी, त्याच्याभोवती फिरू लागलं, आणि ऑकेटर नावाच्या विवरातले क्षारांचे पांढरे ठिपके तेव्हा जगभर गाजले. म्हणजे लेखकांनी एक पाणीदार जग घेतलं आणि ते कोरडं कसं झालं याचं राजकारण रचलं. ती त्यांची सगळ्यात मोठी कल्पना आहे. तिला रिकॅपमध्ये एक ओळही न देणं हा लेखकांवर अन्याय आहे.

आपल्याकडच्या मालिकेचं काय झालं तेही पाहा. 'लैला' 14 जून 2019 ला नेटफ्लिक्सवर आली. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवर आधारलेली, सहा भागांची, आणि तिच्या लेखनाची धुरा उर्मी जुवेकर यांच्याकडे होती. या शतकाच्या मध्याला आर्यावर्त नावाचं राज्य आहे, वस्त्या भिंतींनी वेगळ्या केल्या आहेत. पहिल्या भागात पाण्याचा दुष्काळ असलेल्या शहरातल्या एका घरी पोहण्याचा तलाव आहे. त्या तलावापाशी आई शालिनी, वडील आणि छोटी लैला आहेत. टोळी घरात घुसते, वडिलांचा जीव जातो, आईला नेलं जातं, मूल हरवतं. मालिका आली आणि वाद पेटला: ही हिंदूंची बदनामी आहे की नाही? मुंबईत पोलिसांकडे तक्रार गेली. एका बाजूने बदनामीचा आरोप, दुसऱ्या बाजूने कलास्वातंत्र्याचा बचाव. महिनोन्‌महिने चाललेल्या त्या भांडणात तो तलाव दोन्ही बाजूंना दिसलाच नाही.

तो तलाव मला फार महत्त्वाचा वाटतो. आई-वडिलांचे धर्म वेगळे असणं हा त्या घराचा पहिला गुन्हा असेल, पण तलाव हा त्यांचा विशेषाधिकार आहे. म्हणजे शालिनी बळी आहे आणि त्याच वेळी त्या व्यवस्थेची लाभार्थीही आहे. तहानलेल्या शहरात ती पोहत होती. लेखकाने हे मुद्दाम आधी दाखवलं आहे, तिच्यावर आघात होण्याआधी. भागाचा गोषवारा सांगताना तलाव वगळला की शालिनी निखळ निष्पाप होते आणि मालिका निव्वळ आरोपपत्र होते. मग ज्यांना ते आरोपपत्र पटतं ते टाळ्या वाजवतात, ज्यांना पटत नाही ते तक्रार करतात, आणि मालिकेला जे विचारायचं होतं ते कुणीच ऐकत नाही. माझ्या मते 'लैला'चं सगळ्यात मोठं नुकसान बंदीची मागणी करणाऱ्यांनी केलं नाही, ते घाईघाईने लिहिलेल्या गोषवाऱ्यांनी केलं.

मुळशीच्या पूर्व टोकाला हिंजवडी, माण, मारुंजी आहे. एमआयडीसीचं आयटी पार्क, त्याभोवती उंच इमारती, फाटक, पहारेकरी, जाहिरातीत जलतरण तलाव, आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या फाटकाशी टँकरची रांग. तालुक्याच्या दक्षिणेला, वरसगावच्या धरणाच्या पाण्याकाठी, लवासा: इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर बांधलेलं खासगी शहर, ज्याला नियोजनाचे अधिकारही वेगळे दिले गेले. पर्यावरण मंत्रालयाने 2010 च्या नोव्हेंबरात त्याचं काम थांबवलं, पुढे 2018 मध्ये ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. एकाच तालुक्यात शतकापूर्वीचं वळवलेलं पाणी, आजचा टँकर आणि फसलेलं खासगी शहर. इथल्या प्रेक्षकाला 'लैला'तल्या भिंती आणि तलाव कल्पनेतले वाटत नाहीत. त्याला नुसतं 'अपहरणाची गोष्ट' म्हणून सांगणं म्हणजे त्याला ओळखीचं असलेलं सगळं काढून घेणं. 

प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'बद्दल बोलताना कुणी ही चूक करत नाही, हे लक्षात घ्या. 2018 चा तो चित्रपट गुन्हेगारीचा आहे, मारामाऱ्यांनी भरलेला आहे. पण त्याची गोष्ट सांगायला बसलेला माणूस पहिल्या वाक्यातच जमीन विकलेल्या बापाविषयी बोलतो. जमिनीशिवाय मुलाचं गुंड होणं समजत नाही, हे सगळ्यांना आपोआप कळतं. म्हणजे व्यवस्था सांगायची कुवत आपल्यात आहे. अंतराळ दिसलं, काचेच्या इमारती दिसल्या की आपण ती बाजूला ठेवतो, एवढंच.

'प्रेक्षकाला करमणूक हवी असते, व्याख्यान नको,' ही दुसरी हरकत ठरलेली आहे. पण बर्फाची गोष्ट व्याख्यान का ठरावी? कँटरबरीवर काम करणाऱ्या एका माणसाचा हात बर्फाच्या ढिगाऱ्यात जातो. सेरीसवर मिलर एका व्यापाऱ्याला दारात कोंडून त्याची हवा काढून घेतो, कारण त्याने हवेच्या गाळण्या बदलल्या नाहीत आणि त्यापायी लहान मुलं खोकताहेत. ही त्या भागातली सर्वांत थरारक दृश्यं आहेत, आणि दोन्ही पाणी आणि हवेबद्दलची आहेत. व्यवस्था आणि थरार अशी वाटणी या लेखनात नाहीच. ती रिकॅप लिहिणाऱ्याने आपल्या सोयीसाठी केलेली आहे.

तिसरा आक्षेप रहस्यभंगाचा, आणि तोच मला सर्वांत दुबळा वाटतो. सगळं सांगितलं तर पाहायला काय उरलं, असं म्हणतात. उलट पाहा: घटनाक्रम सांगणारा रिकॅपच रहस्य फोडतो. कँटरबरी उडालं हे तोच सांगून टाकतो. मी जे सांगा म्हणतो आहे त्याने काहीच फुटत नाही. यानात शनीचा बर्फ होता, तो सेरीसला चालला होता, आणि सेरीसवर एके काळी त्याहून जास्त बर्फ होता, एवढं सांगा आणि थांबा. यान कुणी उडवलं, का उडवलं, ज्युली माओचं काय झालं, हे सगळं जागच्या जागी राहतं. फक्त प्रेक्षक आता तो स्फोट पाहताना सेरीसवरच्या नळांचा विचार करेल.

म्हणून 'डल्सिनिया'चा रिकॅप लिहायचा असेल तर सुरुवात ज्युलीपासून करू नका. सेरीसच्या चौकात ओरडणाऱ्या त्या माणसापासून करा. त्याचं नाव कुणाला आठवत नाही, तो पुढच्या कथेचा नायक नाही, आणि त्याला दोन मिनिटंही मिळत नाहीत. पण त्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं विधान तोच करतो, आणि भोवतीची गर्दी ते ऐकून हलते. त्यानंतर मिलर, मग कँटरबरी, मग होल्डन. ज्युली शेवटी आली तरी चालेल. 'लैला'चा पहिला भाग लिहिणार असाल तर तलावातल्या पाण्यापासून सुरू करा, आणि ते पाणी त्या घरात कसं पोहोचलं हा प्रश्न टोळी आत येण्याआधी विचारा.